मागे घेतलेला हात

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. पालीच्या गणपतीसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हा त्यालासुद्धा नाही — त्याच्याकडे मागायचं ते मागून घेतलं आणि ही तेवढी पदराआड ठेवली. मग तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीटसं कळलेलं नाही. गेल्या आठवड्यात आगरदांड्याच्या धक्क्यावर काहीतरी झालं आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही, एवढंच. तिथपर्यंत येईन मी. पण सरळ नाही येता येणार — ओहोटीला चिखल चुकवत चुकवत होडीपर्यंत जातात ना, तसं जरा फिरून येईन.

आधी मी कोण ते सांगते. मी कोळ्याची बायको. मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून आमचा कोळीवाडा. माहेर मात्र अलिबागचं. बाप कचेरीत पट्टेवाला. त्यामुळे मी चार इयत्ता शिकले, आणि त्या चार इयत्तांचा तोरा लग्नाच्या बोचक्यात बांधून सासरी आले. वाड्यात कोणाचं पत्र आलं की माझ्याकडे वाचायला यायचे. मी मुद्दाम जरा थांबून, घसा खाकरून वाचायची. मला फार शहाणपण आहे असं मला वाटायचं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमचे हे तांडेल, म्हणजे नाव चालवणारे. धिप्पाड माणूस, आणि स्वभावानं इतका मऊ की सासू म्हणायची, देवानं ह्याला घाईत पुरुष केला. वल्हं ओढून ओढून तळहाताला घट्टे पडलेले, पण त्याच तळहातावरून कोंबडीची पिल्लं बिनधास्त दाणे टिपायची. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत आटोपलं सगळं. त्या हाताची मला आठवण येते — आठवण कसली, भूक लागावी तशी येते. पण खरं सांगू? मला आस लागते ती दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नाही. त्याच्याही फार आधीच्या माणसाची. एका शिमग्याच्या आधी हे जसे होते, तसे मला हवे आहेत.

तर, बावट्या.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्याही चारेक वर्षं आधीची गोष्ट. बंदरावर एक काळी कुत्री होती. तिनं तिघांना फाडलं होतं, आणि वाळवणातले बोंबील पळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेवटी बाप्यांनी तिला काठ्यांनी मारली. पिल्लं गोणीत घालून खाडीत सोडायची ठरलं. त्यातलं एक आमच्या ह्यांनी बंडीच्या आत लपवून घरी आणलं. पांढरं शेपटीचं टोक, आणि ते नेहमी वर — नावेवरच्या बावट्यासारखं. म्हणून बावट्या. सासू कडाडली, "त्या चावरीचा बी माजे घरान कशाला आनलास?" मीही नाक मुरडलं. हे नुसते हसले आणि त्याला भाताच्या पेजेत बोट बुडवून चाटवत बसले.

आमच्याकडे एक रीत आहे. वाळवणाच्या अंगणाला आम्ही खळं म्हणतो. खळ्यात बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते त्यावर टांगायचे. मासळीवर कावळे, मांजरं, भटकी कुत्री टपलेलीच असतात, म्हणून प्रत्येक खळ्याला राखणीचा कुत्रा. आणि त्या कुत्र्याला जन्मात मासळी चाखवायची नाही. भाकरी द्यायची, पेज द्यायची, उरलेलं वरण द्यायचं. पण मासळीचा काटासुद्धा नाही. चव कळली की राखणदार गेला आणि चोर उरला. बहुतेक घरांत ही रीत चार दिवस टिकते, कारण कुत्रं ते कुत्रंच. आमच्या ह्यांनी मात्र ती टिकवून दाखवली. रोज सकाळी दोरीखाली बसायचे, बावट्याला समोर बसवायचे आणि भाकरीचा तुकडा तळहातावर धरायचे. हात हलवायचा नाही. त्यानं ओरबाडलं तरी ओरडायचं नाही, की हात मागे घ्यायचा नाही. दोन महिन्यांत ते पिल्लू असं शिकलं की ओठांनी उचलावं तसा घास उचलायचं. दात लागायचा नाही. वर नाकासमोर बोंबील लोंबताहेत आणि हा खाली पोट पसरून झोपलेला. लोक बघायला यायचे हो!

संध्याकाळी बंदरावर जाळी विणता विणता हाच विषय. कुत्रं जन्मानं चावरं असतं की माणसं त्याला चावरं करतात? पाटील म्हणायचे, रगात लपत न्हाय. आज झोपलाय, उद्या उठेल. आमचे हे म्हणायचे, "रगात कोनी बगितलाय? हात बगा कोनाचा हाय तो." सगळे हसायचे. कोळीवाड्यात चार वर्षं हा वाद चालला असेल, आणि आजही चालतो. मी त्या बायका-पुरुषांत बसते आणि गप्प ऐकते. कारण उत्तर मला माहीत आहे. मी करून बघितलं आहे.

पण नुसत्या कुत्र्याची गोष्ट असती तर कदाचित मी ती सांगायला बसलेही नसते.

ह्यांच्या नावेवर एक खलाशी होता. दारूच्या भरात त्यानं दुसऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं आणि तो माणूस जागच्या जागी मेला. खलाशी जन्मठेपेवर काळ्या पाण्याला गेला. बायको वर्षभरात खंगून गेली. मागं उरली पाच वर्षांची पोर, हिरू. आगरदांड्याला तिची आजी होती, डोळ्यांनी अधू, तिच्याकडे राहायची. हे अधूनमधून तांदूळ, सुकी मासळी नेऊन द्यायचे. एक दिवस परत आले ते म्हणाले, "आपून आनूया तिला. आपली म्हनून."

आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

पालीला तीन नवस झाले होते. कोणी सांगितलं ते उपास केले, कोणी दिला तो पाला वाटून प्याले. तुम्हाला वाटेल, अशा बाईला तर मूल घरात येतंय म्हणून आनंद व्हायला हवा. नाही झाला. दुसऱ्याचं मूल ओटीत घ्यायचं म्हणजे मला होणार नाही यावर अंगठा उठवून द्यायचा — असं मला वाटलं. मी पट्टेवाल्याची मुलगी. कागद एकदा पुरा झाला की उघडत नाहीत, हे लहानपणापासून बघितलेलं. शिवाय खुन्याची पोर. हे मी मोठ्यानं म्हणत होते. आतलं मोठ्यानं म्हणत नव्हते.

आणि ती होडी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची वीतभर होडी कोरली होती, शिडाच्या काठीसकट. "आपले पोराला," म्हणाले होते आणि माळ्यावर ठेवली होती. मी सणासुदीला ती उतरवून पुसायची, कोणी बघत नाही असं बघून. त्या दिवाळीनंतर हे माळ्यावर चढले, होडी काढली, फुंकर मारली आणि म्हणाले, हिरूला देतो. मी चुलीपुढे बसले होते, तशीच बसून राहिले. पण तेव्हा माझ्या आत जे काही झालं त्याला मत्सर म्हणतात, दुसरा शब्द नाही. पाच वर्षांच्या पोरक्या पोरीचा मत्सर.

सासूचा विरोध होता, पाटलांचाही. काळ्या पाण्याच्या कैद्याची मुलगी तांडेलाच्या घरात म्हणजे उद्या वाड्यातल्या कोणाच्या तरी घरात सून म्हणून जायची. पाटलांनी बंदरावर चारचौघांत विचारलं, हिच्या रगताची जिम्मेदारी कोन घेनार? आणि आमच्या भोळ्या माणसानं बावट्याकडे बोट दाखवलं. "ह्याचे आईला तुमीच मारलात ना? ज्या दिवशी ह्यो बोंबलाला तोंड लावील, न्हायतर कोनाला दात लावील, त्या दिवशी मी पोरीचा नाव टाकीन. तवर बोलू नका." पाटील हसून म्हणाले, चालेल. शिमग्याला पोरीला आणायचं ठरलं.

माणूस असं काही बोलतो का? कुत्र्यावर लेकरू पणाला लावतो का? पण त्यांचा विश्वास तेवढा होता. आणि मी घरी आले ती एक गोष्ट समजून आले — काय केलं की काय होईल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता सांगते.

सासू दुपारी पाटी घेऊन बाजारात जायची. हे पाण्याच्या वेळेप्रमाणे दर्यावर. कधी दोन दिवस, कधी तीन. खळ्यात मी आणि बावट्या. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे सुका बोंबील टाकला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. माझ्याकडे असं बघितलं की जणू माझंच काहीतरी चुकलंय आणि त्यालाच लाज वाटतेय. दुसऱ्या दिवशी तेच. मग मी बोंबील भाजून, चुरून भाकरीला लावला. भाकरी त्याची ओळखीची. आठेक दिवसांत त्याला चव लागली. पंधराव्या दिवशी तो माझ्या हातातून नुसता बोंबील घेऊ लागला — तसाच, ओठांनी, दात न लावता.

मला वाटलं, झालं काम. उद्या-परवा दोरीवरचा ओढेल. पण तो ओढेना! चव कळली तरी टांगलेल्या मासळीला तोंड लावीना. खाली पडलेली लांबूनच हुंगायचा आणि भुंकून मला हाक मारायचा — पडलाय, उचला. त्याच्या मते ती मासळी मालकाची होती. दोरीवरची ती दोरीवरची, हातातली ती हातातली. त्याचा हिशेब स्वच्छ होता. काळ्या कुत्रीचं ते रक्त त्यात कुठे होतं, मला तरी दिसलं नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, थांबलीस का? नाही थांबले. उलट त्या कुत्र्याचा मला राग आला. माझ्यापेक्षा ते चांगलं वागत होतं, याचा राग.

मग मी हात मागे घेऊ लागले. बोंबील पुढे धरायचा, तो वाकला की झटकन मागे. परत पुढे, परत मागे. आधी त्याला खेळ वाटला, शेपूट हलवायचा. मग मी दुसऱ्या हातात चुलीतली फुंकणी घेतली आणि तो पुढे आला की नाकावर मारू लागले. जोरात नाही — असं मी स्वतःला सांगायची. रोज. थेट शिमग्यापर्यंत, हे दर्यावर असतील त्या प्रत्येक दुपारी. बांधून ठेवून. हळूहळू त्याचं ओठांनी उचलणं संपलं. हात मागे जायच्या आत त्याला घास मिळवायचा होता, म्हणून तो झेपावू लागला. हात दिसला की कान मागे, मान खाली, आणि घशात एक बारीक घरघर. एकदा माझ्या अंगठ्याला दात लागला. रक्त आलं. मी सासूला सांगितलं, विळीवर कापलं.

ह्यांच्यापुढे मात्र तो अजूनही जुनाच बावट्या होता. त्यांच्या हाताला भाकरीचा वास, आणि तो हात कधी खोटं बोलला नव्हता.

शिमग्याचा दिवस. होळी आदल्या दिवशी पेटली होती, वाड्यात ढोल वाजत होते, नावांना पताका लावल्या होत्या. हे सकाळीच आगरदांड्याला जाऊन हिरूला घेऊन आले. खांद्यावर बसवून. नवा हिरवा परकर, केसांना तेल चोपडलेलं, आणि हातात ती होडी. लोक जमले होते. पाटीलही होते, जरा बाजूला. सासूनं कपाळाला हात लावला, पण घरात जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली — पोरीचे पाय धुवायला. सासूसुद्धा विरघळत होती, हे मला दिसलं. मी दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. निरांजन, कुंकू, नारळ. सगळं रीतसर.

ह्यांनी तिला खांद्यावरून खाली उतरवलं आणि ते पाटलांशी बोलायला वळले. पोर खळ्यात गेली. दोरीखाली एक बोंबील पडला होता, तो तिनं उचलला. बावट्या भुंकला नाही. त्याला लेकरू नवं होतं. ती त्याच्याकडे बघून हसली. आणि तो बोंबील तिनं त्याच्यापुढे धरला.

तिला त्याला खायला घालायचं होतं हो. एवढंच.

मी दारात होते. आमच्यात किती अंतर असेल — चार पावलं? पाच? बावट्याचे कान मागे गेलेले मी बघितले. मान खाली गेलेली बघितली. त्या साऱ्या माणसांत त्याचा अर्थ फक्त मला कळत होता. "बावट्या!" एवढं ओरडायचं होतं. माझ्या आवाजाला तो दबकला असता. मी त्याला तेही शिकवलं होतं. वेळ होता का? होता. मी कितीदा म्हणून बघितलं की नव्हता. होता. पोरगी लहान, कुत्र्याला चिडवायची गंमत वाटून तिनं हात जरा मागे घेतला — आणि मी ताट घट्ट धरून उभी राहिले.

मनगट फाटलं. ती ओरडली तो आवाज मी सांगणार नाही.

सगळे धावले. सासूनं हळद दाबली, पदर फाडून बांधला. ह्यांनी बावट्याला गळ्याशी धरून दूर ओढलं, आणि तो लगेच त्यांच्या पायाशी पडून थरथरू लागला. पाटील काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती. बोलली सासू. "रगात," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ह्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. मी जवळ आले तेव्हा माझ्याकडे मान वर करून विचारलं, "मी नसताना ह्याला कोनी मासली दावलीवती? कोनी मारलाय ह्याला?"

मी म्हणाले, "न्हाय."

ताटातलं निरांजन अजून जळत होतं.

तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून गेलं असेल. तेही नाही. कारण त्यानंतर दहा दिवस होते. कुत्रं पिसाळलेलं आहे की नाही ते बघायला दहा दिवस बांधून ठेवतात, तसं त्याला ठेवलं. हिरूलाही तोवर आमच्याच घरी ठेवलं. जखमेचा ताप चढला होता. ती आतल्या खोलीत आणि तो खळ्यात. दोघांनाही जेवण मीच द्यायची. पोरीला भात भरवायला बसले की ती निमूट तोंड उघडायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिनं चांगला हात माझ्या मांडीवर ठेवला आणि तशीच झोपली. गरम, हलका हात. मी पाय हलवला नाही. सबंध दुपार मुंग्या येईपर्यंत बसले. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या मांडीवर लेकरू झोपलं ते तेवढंच. त्या दुपारी मला ती हवी झाली. आता तरी बोलायचं? हे बाहेर जाळं शिवत बसले होते, दारातून दिसत होते. एक वाक्य बोलले असते तर कुत्रा वाचला असता, पोर घरात राहिली असती, आणि गेलं असतं ते फक्त माझं नाक. मी नाक वाचवलं.

बावट्या दहाही दिवस ठणठणीत होता. वाड्यातले येऊन बघायचे आणि म्हणायचे, डोळे बग, आईचेच डोळे. महिन्यापूर्वी याच डोळ्यांना हीच माणसं गरीब म्हणत होती. मी भाकरी घेऊन गेले की तो आधी माझा हात बघायचा, मग दोन पावलं मागे सरायचा. आणि तरी शेपटीचं पांढरं टोक वर व्हायचं. ते कशाला व्हायचं? अजून मला ते कळलेलं नाही.

अकराव्या दिवशी ह्यांनी त्याला नावेत घेतलं. तो आनंदानं चढला, त्याला नाव आवडायची. दुपारी हे एकटे परत आले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग हिरूला खांद्यावर बसवून आगरदांड्याला पोचवून आले. शब्द दिला होता चारचौघांत. होडी तिनं नेली नाही, का ह्यांनी दिली नाही, ठाऊक नाही. ती खळ्यातच पडली होती. ती मी उचलून ठेवली.

त्या संध्याकाळी हात धुता धुता हे म्हणाले, "रगात जात न्हाय गो. मीच येडा." ज्या माणसानं कोळीवाड्यात एकट्यानं ते कधी मानलं नव्हतं, त्याच्या तोंडून आलं. त्यानंतर कोंबड्यांना दाणे हातावरून दिले नाहीत, जमिनीवर टाकायचे. नावेवर नवा खलाशी घ्यायचा तर आधी त्याच्या बापाची चौकशी करू लागले. पोरं अंगणात आली तर बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारी जेवले, झोपले, लुगड्याच्या धडप्यानं त्यांचा घाम पुसला, शेवटच्या तापात डोक्यावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. तापात एकदा त्यांनी बावट्याला हाक मारली. तेव्हाही मी नुसती घडी बदलली.

मूल मला झालं नाही. सासूही गेली. घरात आता मी आणि माळ्यावरची होडी. सणासुदीला अजून पुसते.

आता आगरदांडा.

गेल्या आठवड्यात दिघीच्या बाजारात सुकी मासळी न्यायची होती. आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघत बसले. होडी आली. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावा लागतो, ही आम्हा बायकांची रीतच. मी इकडेतिकडे बघते तोच एक पंधरा-सोळा वर्षांची पोर पुढे आली. "वाकू नको मावशे, मी देतंय उचलून." तिनं दोन्ही हात पाटीच्या काठाला घातले. उजव्या मनगटावर पांढरा, वेडावाकडा वण.

मी ओळखलं. तिनं नाही. तिला माझं तोंड कशाला आठवेल?

तेवढ्यात धक्क्यावरचं एक मरतुकडं कुत्रं आलं. माझ्या पाटीतून निसटलेला एक बोंबील तिनं उचलला आणि तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरला. कुत्रं अधाशी, एकदम झडप घातली. तिचा हात जागचा हलला नाही. आमच्या ह्यांचा हात आठवला मला, तसाच. हे तिला कोणी शिकवलं? माझ्या तोंडून निघून गेलं, "भ्या न्हाय वाटत गो तुला?"

ती हसली. "लहानपनी चावला व्हता एक. पन त्याचा काय गुना नव्हता मावशे. माजाच चुकला. मी हात मांगं घेतला. त्या घरान मना ठेवनार व्हती, लेक म्हनून. मी हात मांगं नसता घेतला तं ठेवली असती."

अकरा वर्षं ते ती स्वतःच्या माथी घेऊन फिरते आहे. मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं की माझ्या वाटचं ओझं कोणीतरी वाहत असेल.

तिनं पाटी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, चुंबळ सरळ केली. तिचा तो हात क्षणभर माझ्या कानाला लागला. मावशे, सांभाळून जा, म्हणाली.

मी होडीत चढले. दिघीला मासळी विकली. संध्याकाळच्या होडीनं परत आले तेव्हा ती धक्क्यावर नव्हती; कुत्रं होतं. माझ्या हातात देण्यासारखं काही नव्हतं, तरी मी रिकामा तळहात पुढे धरला. ते दोन पावलं मागे सरलं.